चौकातल्या पुलाचं औक्षण

आमच्या चौकात जो उड्डाणपूल नाही, त्याच्या नावानं मी तीन वेळा औक्षणाचं ताट फिरवलेलं आहे. पाळणा सजलाय, बाया जमल्यात, घुगऱ्या वाटून झाल्यात आणि पाळण्यात बाळच नाही, असं बारसं तुम्ही पाहिलंय का? मी तीनदा पाहिलं. तिन्ही वेळा पुढच्या रांगेत, नटूनथटून.

चौक म्हणजे गारखेड्यातून पैठण रोडकडं निघालं की आमच्या वाटेत आडवा येतो तो. सकाळी चितेगावच्या कंपन्यांच्या बसा, शाळेच्या व्हॅना, पाण्याचे टँकर, रिक्षा, हंगामात उसाचे ट्रॅक्टर आणि या सगळ्यांच्या फटींत शिरलेल्या स्कूट्या. प्रत्येकाला दुसऱ्याच्या आधी जायचं असतं, म्हणून कोणीच जात नाही.

पहिल्या वेळी मी चाळिशीत होते. आमच्या गल्लीतली सगळ्यांत शहाणी बाई मीच, असा माझा समज होता आणि तो खोडून काढायची कोणाची हिंमत नव्हती. माहेर लासूर स्टेशनचं. बाजारातल्या लिलावाच्या आवाजात वाढलेली, त्यामुळं साधं मीठ मागितलं तरी तीन घरं ऐकायची. एक कार्यकर्ता दारात येऊन म्हणाला, "वहिनी, उद्या साहेब येणारेत, पुलाचं भूमिपूजन. औक्षणाला पाच सवाष्णी पाहिजेत. तुम्ही पुढं राहा, तुमच्याशिवाय शोभा नाय." बस्स. त्या 'शोभा'नं माझं डोकं जे फिरलं ते पुढं कित्येक वर्षं फिरलेलंच राहिलं.

जाऊबाईची मोरपंखी साडी मागून आणली. चांदीचं निरांजन चिंचेनं घासलं. रात्रभर डोक्याला मोगऱ्याचा गजरा तसाच, चुरगळू नये म्हणून मान ताठ ठेवून झोपले. सकाळी साहेबांना कुंकू लावताना माझा हात इतका थरथरला की टिळा कपाळावरून नाकाकडं निघाला. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो. त्यात साहेब, साहेबांचे हार, साहेबांचं अर्धं ओघळलेलं कुंकू आणि उजव्या कडेला एक कोपर. तो कोपर माझा. मी ते कात्रण माहेरी पाठवलं, जावेला दाखवलं, दूधवाल्याला दाखवलं. "हे बघा, बांगड्यांवरून ओळखू येतं." दूधवाला म्हणाला, "व्हय व्हय, दिसतंय ना." बिचाऱ्याला दूध घालायला पुढची घरं होती.

त्या दिवशी काळ्या दगडाची एक कोनशिला बसवली गेली, सोनेरी अक्षरांत. साहेबांचं नाव सगळ्यांत मोठं, पुलाचं सगळ्यांत खाली. वर्षभरात अक्षरांतलं सोनं उडालं. चहावाल्यानं तिच्यावर स्टोव्ह ठेवला. उंची अगदी त्याच्या कमरेइतकी होती, सोयीची.

दुसऱ्या वेळी पक्ष वेगळा, साहेब वेगळे, कोनशिला नवी. मीच जुनी. जुन्या दगडाच्या शेजारी नवा दगड लागला तेव्हा तरी माझ्या डोक्यात उजेड पडायला हवा होता. नाही पडला. घरात मोरीची फरशी बदलायची असली तरी मी गवंड्याला बारा प्रश्न विचारायचे: वाळू कुठून आणणार, सिमेंट कोणतं, पाणी कुठं जिरणार. आणि एवढ्या मोठ्या पुलाचं काम कोणाच्या तिजोरीतून होणार, हे मला विचारावंसं वाटलं नाही. मी विचारलं काय, तर "फोटो पूर्ण येईल ना?" असली बाई.

शेजारच्या भाभींनी मात्र तेव्हाच छेडलं होतं. त्यांचे मियाँ रिक्षा चालवतात. मी ताट घेऊन परतताना त्या दारात उभ्या होत्या. म्हणाल्या, "क्या काकी, हो गई आरती? पुल किधर है, पुल? ताट में तो दिखरा नै." मी तोंड फिरवून आत गेले. राग आला होता. आता कळतं, राग त्यांचा नव्हता. त्या जे बोलल्या ते मला आधी सुचायला पाहिजे होतं, याचा होता.

तिसऱ्या वेळेची गोष्ट अलीकडची आहे, आणि तिच्यात हसण्यासारखं कमी आहे.

माझी सून चितेगावला एका कंपनीत जाते. माल तपासायच्या विभागात काम. शिकाऊ म्हणून लागली होती, आता कायम करायची वेळ आली होती. तिच्या साहेबांनी बजावलं होतं, "काम तुझं चांगलंय, पण हा महिना एकही लेट नको. मग तुझं नाव वर पाठवतो." कंपनीचं गेट ठरल्या वेळेला बंद होतं, आणि गेटवरच्या माणसाला आमच्या चौकाशी काही देणंघेणं नाही. चितेगावात राहणाऱ्या पोरी पायी येतात, वेळेवर येतात. गारखेड्यातली पोरगी चौकात अडकते. कामात तिचा हात धरणारं कोणी नाही, असं तिच्याच साहेबांचं म्हणणं. पण रस्ता तिच्या हातात नव्हता.

त्या महिन्यात तिनं घरातलं सगळं घड्याळ अलीकडं ओढलं. लेकराला झोपेतच माझ्या कुशीत सरकवायची, डबा आदल्या रात्रीच भरून ठेवायची, चहा उभ्या उभ्या. घरी यायची तेव्हा भुवयांवर धूळ बसलेली. मी म्हणायचे, "अगं, मेकअप केलास का भुवयांना?" ती म्हणायची, "व्हय आत्या, सरकारनं करून दिला. फुकट." आमच्याकडं सासूला आत्या म्हणतात. ती मला आत्या म्हणते आणि दर वाक्यात एक टोमणा मारते. म्हणूनच आमचं जमतं.

एकदा भाकरी थापताना तीच म्हणाली होती, "आत्या, चौकात गाडी चालू ठेवून उभं राहिलं की पेट्रोल जळतं. त्या पेट्रोलवर सरकारचा कर असतो. म्हणजे मी जितकी जास्त अडकणार तितका जास्त कर भरणार. सरकारनं कोंडी कशाला सोडवावी?" मी हसले. नंतर रात्री पडल्या पडल्या ते वाक्य पुन्हा आठवलं आणि हसू आलं नाही. इथले लोकही कर भरतात, तिकडं मुंबईचेही भरतात. तिकडं पुलावरून पूल जातो आणि आमच्या वाट्याला येतो तो दगड.

अशात एक दिवस पुन्हा कार्यकर्ता. पहिल्याचा पुतण्या असावा, नाक तेच. "काकू, उद्या सकाळी भूमिपूजन. आता खरंच पूल होणार बघा. औक्षणाला तुम्हीच पाहिजे. तुमचा अनुभव लई मोठा."

मी नाही म्हणायला तोंड उघडलं आणि तोंडातून निघालं, "साडी कोणती नेसू?"

आतल्या खोलीतून मालक खोकले. आमच्या घरी मालकांचा खोकला म्हणजे हसू.

सुनेनं विचारलं, "आत्या, उद्या चौक बंद करतील का हो?"

"नाय गं. मांडव बाजूला आहे म्हणाला तो."

"नक्की?"

"मी सांगते ना. मला काय आज कळतंय का?" म्हटलं आणि पैठणी काढायला ट्रंकेकडं गेले. चाळिशीतल्या बाईला मी या कागदावर इतकी नावं ठेवते, पण ती मेली काही गेली नव्हती. पोत बदलला होता तिचा, एवढंच.

मांडव बाजूला नव्हता. मांडव रस्त्यावर होता. अर्धा रस्ता खुर्च्यांनी खाल्ला होता आणि उरलेल्या अर्ध्यात सगळं शहर कोंबलं होतं. साहेबांच्या गाड्या येणार म्हणून पोलिसांनी तेही थांबवून ठेवलं होतं. मी पहिल्या रांगेत बसले होते, मांडीवर ताट, ताटात निरांजन, कुंकू, अक्षता, सुपारी, अंगठी. डोक्यावर कापड, समोर पंखा. आणि दोरीच्या पलीकडं, टँकर आणि टेम्पोच्या मधे, हेल्मेटची काच वर केलेली माझी सून.

तिनं मला पाहिलं. मी तिला पाहिलं. मी हात हलवला, म्हणजे अर्धा वर नेला. तिनं हलवला नाही. तिचे दोन्ही हात हँडलवर होते आणि ती सारखी मनगटावरच्या घड्याळाकडं बघत होती. मी उठून पोलिसाकडं गेले. म्हटलं, "माझी सून आहे हो ती. तेवढी एक गाडी सोडा." तो म्हणाला, "आजी, सगळ्याच कोणाच्या तरी सुना आहेत." खरं होतं. मी परत येऊन बसले. काय करणार, ताट मांडीवर होतं.

साहेब उशिरा आले. ते यायच्या आधी ढोल, मग फटाके, मग हार. माझ्या आत काहीतरी तापत चाललं होतं, दुधासारखं, कडेकडेनं. नाव पुकारलं तशी मी उठले, त्यांच्यासमोर गेले. टिळा लावला. या वेळी हात थरथरला नाही. सुपारी फिरवली, अंगठी फिरवली, निरांजन फिरवलं. साहेबांनी रीतीप्रमाणं खिशातून नोट काढून ताटात टाकली आणि कुदळीकडं जायला पाऊल उचललं. मी ताट खाली घेतलं नाही. तसंच त्यांच्या छातीसमोर धरून उभी राहिले.

पेटलेलं निरांजन हातात धरलेल्या सवाष्णीला बाजूला ढकलायला आमच्या भागात अजून कोणी जन्मलेला नाही. सगळे थांबले.

"साहेब," मी म्हटलं, "नोट नको. ओवाळणीत दुसरं मागायचंय."

"बोला ना आजी." साहेब हसले. त्यांना वाटलं असेल, नातवाची नोकरी.

"या पुलाचे पैसे मुंबईहून मंजूर झालेत का? एवढं सांगा. हो किंवा नाही. तीच माझी ओवाळणी."

सूत्रसंचालकाच्या हातातला माईक चालू होता आणि माझा आवाज मुळातच लासूरच्या बाजारातला. चौकभर गेलं ते.

"प्रस्ताव पाठवलेला आहे आजी. पाठपुरावा चालू आहे."

"म्हणजे नाही."

"तसं नाही. येत्या काळात..."

"मग नारळ आज कशाला फोडता? पैसे आल्यावर फोडा. खवट व्हायचा नाही."

दोरीपलीकडून कोणीतरी हॉर्न वाजवला. मग दुसऱ्यानं. मग सगळ्यांनी. कार्यकर्त्यानं माझ्या हातातलं ताट अलगद, अगदी आदरानं काढून घेतलं, "काकू, ऊन लागलं तुम्हाला, बसा," म्हणाला आणि मला मागच्या रांगेत नेऊन बसवलं. पाणी दिलं. नारळ फुटला. कुदळ पडली. भाषण झालं, त्यात विकास आला, मराठवाडा आला, अनुशेष आला. पैसा आला नाही. मग गाड्या गेल्या आणि मग कुठं रस्ता सुटला.

मला वाटलं मी जिंकले. घरी येताना मान ताठ होती, गजरा नसतानाही.

संध्याकाळी सून आली. हेल्मेट नेहमीच्या खुंटीला लावलं. लेकराला उचलून घेतलं. मी वाट बघत होते, ती काय म्हणते त्याची.

"आत्या, तुमचा आवाज आला स्पीकरवरून."

"मग?"

"लई भारी बोललात. शेजारचा टेम्पोवाला म्हणला, ही म्हातारी कोण हो? मी म्हणलं, माहीत नाय."

मी हसले. ती हसली नाही.

"माहीत नाय का म्हणालीस गं?"

"तुम्ही मांडवात होता, आत्या. ज्या मांडवामुळं मी अडकले, त्या मांडवात."

मालकांनी पेपर खाली करून बघितलं.

"गेट?" मी विचारलं.

"बंद."

महिना संपला. कायम करायच्या नावांत तिचं नाव गेलं नाही. तिच्या साहेबांनी म्हणे वाईट वाटून घेतलं. म्हणाले, "तू हुशार आहेस, पण आम्हाला वेळेवर येणारी माणसं लागतात." आता ती ठेकेदाराच्या माणसांत आहे. काम तेच, टेबल तेच, ओळखपत्राची दोरी वेगळ्या रंगाची. त्या रंगावरून कँटीनमध्ये कोण कुठं बसणार ते ठरतं. हे तिनं मला सांगितलं नाही. ती फोनवर मैत्रिणीला सांगत होती आणि मी भाजी निवडत होते.

चूक कोणाची? तिची नाही. गेटवरच्या माणसाची म्हणावी तर तो गेट उघडतो आणि लावतो, एवढंच. पोलिसाची नाही. मांडवात बसल्याबद्दल माझी थोडी आहे, ती मी माझ्याकडं ठेवते. पण मुळात तो पूल कागदावरून खाली का उतरत नाही, याचं उत्तर चौकात नाही. ते मुंबईत आहे. वर्षाच्या वर्षाला राज्याचे पैसे वाटले जातात, त्या पंगतीत आमचं पान मांडलेलं असतं. वाढपी येतो, बघतो, पुढं जातो.

मी त्याच्या पुढच्या आठवड्यापासून सकाळी चौकात जाऊन उभी राहायला लागले. नातवाला शाळेच्या व्हॅनमध्ये बसवलं की चहावाल्याच्या बाकावर. कोंडी झाली की लोक एकमेकांना शिव्या घालतात. दुचाकीवाला रिक्षावाल्याला, रिक्षावाला बसवाल्याला, बसवाला ट्रॅक्टरवाल्याला. मी तोंडात पदर घालून ऐकायचे, कारण काही शिव्या नवीन होत्या. मग एकाला विचारलं, "बाबा, त्याच्यावर कशाला ओरडतो? तोही तुझ्यासारखाच अडकलाय. हॉर्न वाजवायचाच तर मुंबईकडं तोंड करून वाजव." तो म्हणाला, "आजी, मुंबई कोणत्या बाजूला?" मी दाखवली. त्यानं खरंच त्या दिशेला वळून वाजवला. आसपासचे हसले आणि मग पाचेक मिनिटं कोणी कोणाला शिवी दिली नाही. त्या पाच मिनिटांत मला जे सांगायचं होतं ते सांगितलं.

तेच इथं लिहिते. पूल मागू नका. पूल मागितला की दगड मिळतो. राज्याच्या अर्थसंकल्पात या रस्त्याच्या कोंडीसाठी आपल्या वाट्याचे पैसे किती धरले ते मागा. लोकसंख्या आपली आहे, कंपन्या आपल्याकडं आणल्या, कर आपण भरतो, मग वाटपाच्या वेळी आपण पाहुणे कसे? इतर शहरांना जे देता ते काढून आम्हाला द्या असं नाही. आमचं आम्हाला द्या. आणि पैसे मंजूर झाल्याचं दिसेपर्यंत आपल्या भागात कोणाच्याही भूमिपूजनाला ताट न्यायचं नाही. आमच्या गल्लीतल्या बायांनी हे मान्य केलंय. एकीनं विचारलं, "मग साहेबांना वाईट वाटेल ना?" मी म्हटलं, "वाटू दे. आपल्याला रोज वाटतं."

गेल्या सोमवारी आम्ही आमच्या लोकप्रतिनिधीच्या ऑफिसात गेलो. मी, भाभी आणि गल्लीतल्या आणखी दोघी. सून येऊ शकली नाही. रजा टाकली तर त्या दिवसाचा पगार जातो, आणि ठेकेदार म्हणतो, उद्यापासून येऊच नको. भाभींच्या मियाँनाही धंदा सोडून येता येईना. जाताना मी सगळ्यांना ताकीद दिली होती: चहा घ्यायचा नाही. आपल्याकडं एकदा कोणाचा चहा पोटात गेला की त्याच्याशी भांडता येत नाही, जीभ आतून मऊ पडते. तिथं चहा आला, बिस्किटंही आली. भाभींनी कपाकडं बघितलं, मग माझ्याकडं. म्हणाल्या, "काकी, खुशबू अच्छी है." मी डोळे मोठे केले. कप तसेच गार झाले, वर साय धरली. आतला माणूस दोनदा म्हणाला, "घ्या ना, थंड होतोय." आम्ही म्हटलं, "होऊ द्या. आमच्या चौकाचे पैसे मागितलेत का ते सांगा." तो म्हणाला, साहेब मुंबईला आहेत, पुढच्या सोमवारी या.

पुढच्या सोमवारी जाणार आहोत. त्याच्या पुढच्याही. साहेब मुंबईला असले तर बरंच आहे, तिथंच तर पैसे आहेत.

पण एक गोष्ट त्या ऑफिसच्या खुर्चीत बसून मला नीट कळली. ज्यांचं रोज नुकसान होतं, त्यांना मागायला जायला वेळ नाही. आणि हे वरच्यांना माहीत आहे. चौकात अडकलेला माणूस घरी पोचतो तेव्हा त्याच्यात भांडण उरलेलं नसतं. जेवतो आणि झोपतो. माझ्या सुनेचं तसंच होतं. लेकराची गोष्ट अर्ध्यावर असताना तिचा डोळा लागतो, पुढची गोष्ट मग मी सांगते.

म्हणून, चितेगावला जाणाऱ्या, पैठण रोडवर रोज अडकणाऱ्या सगळ्यांना माझं सांगणं आहे. तुम्हाला रजा मिळत नसेल तर राहू द्या, तुमची नोकरी सांभाळा. तुमच्या घरची म्हातारी माणसं आमच्याबरोबर पाठवा. आजोबा पेपर वाचून झाल्यावर रिकामेच असतात, आजीला सिरियल दुपारी परत दिसते. आम्हाला लेट लागत नाही, आमचं गेट कोणी बंद करू शकत नाही, आणि आम्हाला कोणी कायम करणार नाही की काढून टाकणार नाही. सोमवारी सकाळी गारखेड्याच्या कोपऱ्यावर पाठवा. घरून चहा पाजून पाठवा मात्र, तिथला आम्ही पिऊ देणार नाही.